प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच असं नाही

पावसाळ्यात प्लेटलेट हा शब्द घरोघरी ऐकू येतो. अंगात ताप आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेट ४०,०००, एवढ्यावर शेजारीपाजारीच निदान करून मोकळे होतात: डेंग्यू. कित्येकदा ते बरोबरही निघतं. पण डेंग्यूत उतरलेल्या प्लेटलेट काही दिवसांत आपणहून चढतात, आणि गंभीर डेंग्यूत रक्त उलट घट्ट होतं. प्लेटलेट चढायचं नाव घेत नाहीत, हिमोग्लोबिनही सातावर आलंय, असा रिपोर्ट हातात असेल तर डासांचा नाद सोडून हाडांच्या आत पाहायला हवं.

तीव्र ल्युकेमियाची, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाची, लक्षणं विस्कळीत वाटतात. धाप, ताप, हिरड्यांतून रक्त. यांचा एकमेकांशी संबंध काय? यामागचं गणित मला फार देखणं वाटतं, आजार कितीही क्रूर असला तरी. ही लक्षणं बरीचशी कर्करोगाच्या पेशींची नाहीतच. नेहमीच्या पेशी बनायच्या थांबल्या, त्याची आहेत.

मोठ्या माणसाच्या हाडांच्या आतली अस्थिमज्जा रोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी आणि १०,००० कोटींच्या आसपास प्लेटलेट बनवते. तांबडी पेशी १२० दिवस जगते, प्लेटलेट ८ ते १० दिवस, आणि जंतू गिळणारी न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम दिवसभर टिकते. घाटात दरड कोसळून गावाचा रस्ता बंद झाला, तर दूध दुसऱ्या दिवशी संपतं, भाजी आठवडाभर पुरते, तांदूळ मात्र काही महिने. मज्जा थांबली की तसंच होतं. न्यूट्रोफिल घटल्या की पुन्हा पुन्हा येणारा ताप आणि तोंडात फोड. प्लेटलेट घटल्या की न आपटता उमटलेले काळेनिळे डाग. तांबड्या पेशी घटल्या की चेहरा फिकट आणि जिना चढताना धाप. प्रत्यक्षात रस्ता एका रात्रीत बंद होत नाही, अरुंद होत जातो. म्हणून हा क्रम पुस्तकासारखा दिसत नाही, आणि कित्येक जण सुरुवातीला फक्त थकवाच सांगतात. लहान मुलं पाय दुखतात म्हणून चालायला नकार देतात. घरचे ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देतात.

मज्जा थांबते कशामुळे? ब्लास्ट, म्हणजे वाढ अर्ध्यावर अडकलेल्या पेशी, जागा व्यापतात, हे नेहमीचं उत्तर. ते अपुरं आहे. निरोगी मूळपेशी, ज्यांपासून रक्ताच्या सगळ्या पेशी बनतात, मज्जेत विशिष्ट कोनाड्यांत राहतात. तिथल्या आधारपेशी सीएक्ससीएल-१२ सारखी रसायनं सोडून त्यांना धरून ठेवतात. ल्युकेमियाच्या पेशी हे संकेतच बदलतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मूळपेशी मेलेल्या नसतात, पण कामावर येत नाहीत. म्हणूनच उपचारांनी ब्लास्ट हटले की तीच मज्जा काही आठवड्यांत पुन्हा चालू होते.

पांढऱ्या पेशींचा आकडा फसवा असतो. तो ८०,००० असूनही लढणाऱ्या न्यूट्रोफिल नगण्य असू शकतात. तो नॉर्मल किंवा कमी असला तरी ल्युकेमिया असू शकतो.

नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर पारदर्शक काचेचा ग्लास त्यावर दाबून पाहा. डास चावल्याची लाली दाबल्यावर फिकी होते. हे ठिपके तसेच दिसतात, कारण रक्त केशवाहिनीच्या बाहेर आलेलं असतं. असे ठिपके डेंग्यूतही येतात, तेव्हा यावरून कारण कळत नाही. डॉक्टरकडे आजच जायचं, एवढं कळतं.

पपईच्या पानांच्या रसाला डेंग्यूत श्रेय मिळतं, कारण प्लेटलेट तशाही चढणारच असतात. ल्युकेमियात त्या रसात आठवडे वाया जातात. याहून घातक म्हणजे सांधेदुखीवर तपासणीविना दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. लिम्फोब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या एका प्रकारातले ब्लास्ट, स्टेरॉइडने मरतात. मूल चार दिवस हसतं-खेळतं होतं, पुरावा पुसट होतो, निदान लांबतं.

सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, गडबड दिसली की पेरिफेरल स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहिलाय का, हे विचारा. लीशमन रंगाने जांभळ्या झालेल्या काचपट्टीवर ब्लास्ट ओळखू येतो: जवळजवळ पूर्ण पेशी व्यापणारं केंद्रक, भोवती निळसर पातळ कडा.

पुढची तपासणी बोन मॅरोची, म्हणजे मज्जेची. ती कमरेच्या हाडातून, पाठीमागून होते. भुलीने कातडी आणि हाडाचा वरचा पापुद्रा बधिर होतो. मज्जा ओढताना मात्र काही सेकंद आतून कळ येते. लहान मुलांना झोपवून करतात. ‘मणक्यातलं पाणी काढलं की माणूस पांगळा होतो’ ही भीती वेगळ्याच तपासणीबद्दल आहे, आणि तिथेही सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात.

मग वाट पाहणं. मज्जेची काचपट्टी एक-दोन दिवसांत बोलते, पेशींचा नेमका प्रकार सांगणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीला थोडा जास्त वेळ, गुणसूत्रांच्या रिपोर्टला आठवडे. ल्युकेमियाच्या एका प्रकाराला, एपीएलला, एवढी सवड नसते. रक्तस्राव अचानक बळावतो, म्हणून नुसत्या संशयावरच एट्रा हे औषध सुरू करतात.

या दिवसांत प्रत्येक नातेवाईक विचारतो: ‘स्टेज कितवी?’ तीव्र ल्युकेमियात गाठीच्या कर्करोगासारख्या स्टेज नसतात. रक्त सगळीकडे फिरतंच. लहान मुलांच्या एएलएलमध्ये, म्हणजे लिम्फोब्लास्टच्या तीव्र ल्युकेमियात, डॉक्टर वय, सुरुवातीचा पांढऱ्या पेशींचा आकडा आणि जनुकीय बदल पाहतात. त्याहून मोलाचं म्हणजे पहिल्या महिन्याच्या औषधांनंतर १०,००० पेशींमागे एखादा तरी ब्लास्ट उरलाय का, याची एमआरडी चाचणी. स्टेजऐवजी तिची तारीख विचारा.