अर्ध्या एमबीची रांग

बहिणीशी व्हिडिओ कॉल चालू होता. मध्येच तिचा चेहरा थिजला, आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला आणि दोन्हीकडून "ऐकू येतंय का?" सुरू झालं. कॉलनंतर स्पीड टेस्ट केली तर आकडे झकास. गुन्हेगार उशिरा सापडला: टेबलावरचा दुसरा फोन लग्नाचे व्हिडिओ गुपचूप बॅकअपला चढवत होता.

आवाजाला स्पीड फारसा लागत नाही. साधारण दर 20 मिलिसेकंदांच्या आवाजाचं एक छोटं पॅकेट निघतं. पण ते वेळेत पोचावं लागतं. एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणं सहज वाटतं. आता हिशेब करा. अपलोड 2 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला पाव एमबी, आणि मोडेमचा बफर, म्हणजे पॅकेटांना थांबायची जागा, अर्ध्या एमबीचा. बॅकअपने तो काठोकाठ भरला की नव्या पॅकेटला पुढची रांग संपायला 2 सेकंद थांबावं लागतं. बँकेत पासबुक भरायला जावं आणि पुढच्या माणसाने अख्ख्या सोसायटीची पासबुकं काढावीत, तसं!

मेमरी स्वस्त झाली तसे उपकरणांचे बफर फुगत गेले. पॅकेट गाळायचं नाही, हा हेतू चांगलाच. पण टीसीपी, म्हणजे पाठवायचा वेग ठरवणारा इंटरनेटचा नियम, सहसा पॅकेट हरवलं की मगच वेग आवरतो. काही हरवतच नाही म्हटल्यावर तो रांग भरत राहतो. 2010 च्या सुमारास संगणक प्रोग्रामर जिम गेटिस यांनी घरच्याच जोडणीवर हा उशीर सेकंदाच्याही वर गेलेला पाहिला आणि या दुखण्याला 'बफरब्लोट' नाव दिलं.

पॅकेटवर 'मी तातडीचं' अशी खूण करायची सोय आहे. कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये ती चालते, बाहेरच्या इंटरनेटवर तिला फारसं कोणी विचारत नाही. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन या नेटवर्क संशोधकांचा 2012 मधला 'कोडेल' हा रांग सांभाळणारा अल्गोरिदम खूण बघतच नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं ते बघतो. हा वेळ सलग 100 मिलिसेकंद 5 मिलिसेकंदांच्या वर राहिला की तो मुद्दाम एखादं पॅकेट गाळतो, आणि पाठवणारा आपोआप सावरतो. पुढे आलेल्या 'एफक्यू-कोडेल'ने प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग दिली, त्यामुळे एका पासबुकवाल्याला गठ्ठेवाल्यामागे ताटकळावं लागत नाही.

अनेक सर्व्हरवर विखुरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये उशीर आणखी महागात पडतो. एका विनंतीसाठी 100 सर्व्हरना विचारायचं, सगळ्यांच्या उत्तराची वाट बघायची आणि प्रत्येकजण शंभरातून एकदाच रेंगाळतो असं धरलं, तरी 63 टक्के विनंत्या रेंगाळतात.

मी घरच्या राउटरमध्ये 'एफक्यू-कोडेल' चालू केलं आणि अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा जरा खाली ठेवली, म्हणजे रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते. कॉल सुधारले. मुलाने मात्र स्पीड टेस्ट लावली आणि विचारलं, "बाबा, नेट स्लो का केलंत?"