‘कलर फास्ट आहे’ : एका विशेषणाची मागची गोष्ट

सोलापुरात चाटी गल्लीतल्या दुकानात चादर उलगडली, की दुकानदार हमखास सांगतो, “कलर फास्ट आहे.” धुतली तरी रंग जायचा नाही, हे गिऱ्हाइकाला बरोबर कळतं. तोच माणूस पुढे स्टेशनवर जातो आणि विचारतो, “फास्ट गाडी कितीला आहे?” एकीकडे जागचा न हलणारा रंग, दुसरीकडे मधल्या स्टेशनांवर न थांबता पळणारी गाडी. शब्द एकच.

यातला दुकानदाराचा अर्थ जुना आहे. जुन्या इंग्रजीत या विशेषणाचा अर्थ घट्ट, पक्का असाच होता. जर्मनमधला ‘फेस्ट’ आजही तोच अर्थ सांभाळून आहे. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला, ‘स्टेडफास्ट’ म्हणजे ठाम. उपवासाचा ‘फास्ट’ही याच कुळातला, नियम घट्ट धरून ठेवणं या अर्थाचा. तो सकाळी मोडायचा, म्हणून ‘ब्रेकफास्ट’.

मग वेग कुठून आला? मला वाटतं, मराठी माणसाला हे समजायला कोश लागत नाही. आपण “दोरी जोरात धर” म्हणतो आणि “जोरात पळ”ही म्हणतो. जोर म्हणजे ताकद. पळण्याशी जोडला की तोच वेग होतो. इंग्रजीतही आधी ‘घट्टपणे’, मग ‘नेटाने’, मग ‘भराभर’ असा हा शब्द सरकत गेला. क्रियाविशेषण आधी बदललं, वेगवान या अर्थाचं विशेषण त्यानंतर, सोळाव्या शतकाच्या सुमारास रुळलं.

रंगाऱ्यांनी मात्र जुना अर्थ सोडला नाही, आणि त्याला कारण होतं. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने पहिला गाजलेला कृत्रिम रंग, जांभळा मॉव्ह, शोधला. त्यामागून आलेले कितीतरी रंग दिसायला झळाळते, पण उन्हात विटणारे होते. सुती कापडावर खरोखर टिकणारे इंडँथ्रीन रंग १९०१ मध्ये जर्मनीत रेने बोन याने शोधले. त्यांना व्हॅट रंग म्हणतात. ते पाण्यात विरघळत नाहीत. रसायनाने आधी विरघळवायचे, सुतात मुरू द्यायचे आणि मग हवा लागली की धाग्याच्या आतच पुन्हा न विरघळणारे होतात. सोलापुरी चादरीची नक्षी छापलेली नसते, रंगवलेल्या सुताने जेकॉर्ड मागावर विणलेली असते. त्यामुळे एका सुताचा रंग सुटला तर शेजारचं पांढरं सूत डागाळतं आणि सगळी नक्षी बिघडते.

आपला ‘पक्का’ही असाच प्रवास करून आलाय. संस्कृत ‘पक्व’ म्हणजे शिजलेलं, पिकलेलं. तिथून तो न बदलणाऱ्या गोष्टीवर गेला. पक्का रंग, पक्की सडक, पक्का शब्द.

घरी बायका नव्या चादरीची ओली कड पांढऱ्या फडक्यावर घासून बघतात. प्रयोगशाळेतही नमुन्याला पांढरं कापड शिवूनच धुतात आणि डाग पाहून १ ते ५ गुण देतात. ५ म्हणजे डाग अजिबात नाही. उन्हाची परीक्षा वेगळी, ती १ ते ८.