फोरट्रान प्रोग्राममधील दशांश अचूकता : कंपायलर बदलण्यापूर्वी वाचावे

फोरट्रान या संगणकभाषेतील प्रोग्राम नव्या संगणकावर नेला किंवा कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) बदलला आणि उत्तरांतील अंक बदलले, की पहिला संशय यंत्रावर घेतला जातो. आमच्याकडे येणाऱ्या कामांत मात्र कारण बहुधा मूळ कोडमध्येच, रिअल संख्या (म्हणजे दशांश चिन्ह असलेल्या संख्या) ज्या रीतीने घोषित केल्या आहेत त्यात सापडते.

‘रिअल(८)’ ही घोषणा जुन्या कोडमध्ये सर्रास दिसते. यातील ८ म्हणजे आठ बाइट असा समज आहे आणि जीफोरट्रान व इंटेलच्या कंपायलरवर तो खराही ठरतो. परंतु काइंडचा, म्हणजे संख्येचा प्रकार सांगणारा कंसातील, आकडा कोणता असावा हे फोरट्रानच्या मानकाने ठरवून दिलेलेच नाही. नॅगचा कंपायलर त्याच्या नेहमीच्या मांडणीत सिंगल प्रिसिजनला (चार बाइटची, कमी अचूक संख्या) १ आणि डबलला (आठ बाइटची, अधिक अचूक संख्या) २ हा क्रमांक देतो, त्यामुळे तिथे हा कोड कंपाइल होत नाही. चूक लगेच समोर येते, हे त्यातल्या त्यात बरे.

खरा धोका न बोलणाऱ्या चुकांचा आहे. डबल प्रिसिजनच्या व्हेरिएबलमध्ये नुसते ०.१ भरले, तर उजवीकडचा स्थिरांक आधी सिंगलमध्ये तयार होतो आणि व्हेरिएबलमध्ये ०.१०००००००१४९०११६ ही किंमत जाऊन बसते. नवव्या दशांश स्थळापासून आलेली ही चूक पुढच्या प्रत्येक गुणाकारात सोबत येते. तसेच संमिश्र संख्या बनवणाऱ्या ‘सीएमपीएलएक्स’ फंक्शनला दोन्ही भाग डबल दिले, पण काइंड सांगितला नाही, तर उत्तर सिंगलच मिळते. अनुभवी मंडळीही इथे फसतात.

आम्ही आपल्या कोडमध्ये एकच मॉड्यूल ठेवतो आणि त्यात ‘डीपी’ हे नाव ‘सिलेक्टेड_रिअल_काइंड(१५, ३०७)’ या फंक्शनने ठरवतो, म्हणजे किमान १५ दशांश अंक आणि १० च्या ३०७ व्या घातापर्यंतचा पल्ला मागतो. अशी संख्या उपलब्ध नसल्यास फंक्शन ऋण आकडा देते आणि घोषणा तिथेच अडते. प्रत्येक स्थिरांकालाही ‘०.१_डीपी’ असा प्रत्यय लावावा. फोरट्रान २००८ या मानकातील ‘रिअल६४’ हे तयार काइंडचे नाव सोयीचे आहे, मात्र ते ६४ बिट जागेची हमी देते, अंकांची नव्हे. सी भाषेतील फंक्शनकडे जाणाऱ्या संख्यांसाठी ‘सी_डबल’ वापरावे.

सर्व रिअल संख्या आपोआप डबल करणारा कंपायलरचा पर्याय कृपया वापरू नये. जोडलेली लायब्ररी त्या पर्यायाशिवाय तयार झाली असेल, तर ती चार बाइटच वाचते आणि उत्तरे निरर्थक येतात.

एवढे करूनही दोन यंत्रांवरील उत्तरे शेवटच्या बिटापर्यंत जुळतीलच असे नाही, कारण बेरजेचा क्रम, गुणाकार-बेरीज एकत्र करणारी सूचना आणि साइन-कोसाइनची लायब्ररी सर्वत्र सारखी नसते. म्हणून तुलना ठरलेल्या सहनमर्यादेत करावी आणि फरक आम्हाला कळवताना कंपायलरची आवृत्ती व त्याला दिलेले सर्व पर्याय जसेच्या तसे पाठवावेत.