‘साभार: गूगल’ लिहिलं म्हणजे चित्र मुक्त होत नाही

श्रेय दिलं की कुठलंही चित्र विकिपीडियावर चालतं, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चूक आहे. गूगल फक्त शोधून दाखवतं. हक्क चित्रकाराचा किंवा छायाचित्रकाराचा असतो. म्हणून आधी पाहायचं: चित्र कोणाचं, आणि तो कधी वारला? भारतात चित्राचा प्रताधिकार (कॉपीराइट) चित्रकाराच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. विकिपीडियावरची चित्रं जिथे साठवली जातात, त्या विकिमीडिया कॉमन्सला चित्र अमेरिकेतही मुक्त लागतं. राजा रविवर्मा १९०६ साली गेले. त्यांच्या हयातीत छापलेली चित्रं दोन्हीकडे मुक्त आहेत, ती निर्धास्त चढवा.

चित्र चढवताना ‘स्वतःची कृती’ हा पर्याय मात्र निवडू नका. नवखे इथेच हमखास चुकतात. कर्ता म्हणून रविवर्मा लिहा आणि स्रोतात चित्र जिथून घेतलं त्या नेमक्या पानाचा दुवा द्या, नुसतं ‘इंटरनेट’ नको. चित्राभोवतीची लाकडी चौकट फोटोत आली असेल तर कापा. सपाट चित्राच्या हुबेहूब फोटोवर कॉमन्स नवा हक्क मानत नाही, पण चौकट आणि मूर्ती त्या सवलतीत बसत नाहीत. वेरूळचं शिल्प हजार वर्षांहून जुनं असलं, तरी त्याच्या कालच्या फोटोवर फोटो काढणाऱ्याचाच हक्क. तो फोटो त्याच्या परवान्याविना चढवलात, तर वगळला जाणार. त्यापेक्षा स्वतः जाऊन काढा. तिथे ‘स्वतःची कृती’ अगदी बरोबर.