जुन्या मोटारीचा काटा आणि नागपूरचे ऊन

मे महिन्यात दुपारी काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड इतका तापतो की त्यावर हात ठेवता येत नाही. नागपुरात त्या वेळी सावलीतला पाराही ४५ अंशांच्या आसपास असतो. त्या तापलेल्या पत्र्यामागे, १९६० किंवा १९७० च्या दशकातील गाडी असेल तर, मोजमापाची तीन-चार लहान यंत्रे बसवलेली असतात. ती घरी दुरुस्त करू पाहणाऱ्याने तबकडी उजळण्याचे काम शेवटी ठेवावे आणि काटा कोणत्या नियमाने हलतो हे आधी समजून घ्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

स्पीडोमीटरपासून सुरुवात करू. गिअरबॉक्सकडून येणारी लवचिक केबल स्पीडोमीटरमधील एक चुंबक फिरवते. त्या चुंबकाला लागूनच, पण कोठेही स्पर्श न करता, ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते आणि काटा त्या वाटीच्या दांड्यावर बसवलेला असतो. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही हे आपण शाळेत शिकतो. तरीही येथे वाटी ओढली जाते. फिरत्या चुंबकामुळे तिच्या अंगात पाण्यातील भोवऱ्यांसारखे गोल विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते प्रवाह वाटीला चुंबकाच्या मागोमाग फिरवू पाहतात. हा परिणाम फ्रान्समध्ये भौतिकशास्त्रज्ञ आरागो यांनी १८२४ च्या सुमारास तांब्याच्या चकतीवर पाहिला होता, त्याचे कारण पुढे इंग्रज शास्त्रज्ञ फॅरडे यांनी उलगडले, आणि जर्मनीतील ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये याच तत्त्वावरील स्पीडोमीटरचे पेटंट घेतले. वाटीला रोखून धरते ती केसासारखी बारीक गुंडाळीची स्प्रिंग. चुंबकाची ओढ वेगाच्या प्रमाणात वाढते, स्प्रिंगचा विरोध कोनाच्या प्रमाणात वाढतो, आणि म्हणूनच तबकडीवरचे आकडे जवळजवळ सारख्या अंतरावर छापता येतात.

आता उन्हाकडे वळू. तापमान एका अंशाने वाढले की ॲल्युमिनियमचा विद्युतरोध सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. वाटी २० अंशांवरून ६० अंशांवर गेली, तर रोध साधारण १६ टक्क्यांनी वाढेल, भोवरा-प्रवाह त्या प्रमाणात (सुमारे १४ टक्क्यांनी) क्षीण होतील, आणि केवळ या एका कारणाने ताशी ६० किलोमीटरच्या खऱ्या वेगाला काटा ५२ च्या आसपास थांबेल. जानेवारीतल्या पहाटे बरोबर असणारा मीटर मेमधल्या दुपारी खोटे सांगेल. यावरचा उपाय फार सुंदर आहे. अनेक स्पीडोमीटरांत चुंबकाला लागून निकेल व लोखंड यांच्या विशिष्ट मिश्रधातूची एक पातळ चकती असते. थंडीत ती चुंबकाच्या बळाचा काही भाग स्वतःमधून वळवून घेते. तापल्यावर तिची ही क्षमता घटते, म्हणून वाटीपर्यंत अधिक बळ पोहोचते आणि वाढलेल्या रोधाची भरपाई होते. यंत्र उघडल्यावर ही चकती एखाद्या मळकट वॉशरसारखी दिसते. तिला निरुपयोगी समजून काढू नये.

उघडतानाही घाई नको. पुढची कडी मागे वळवलेल्या पत्र्याने घट्ट बसवलेली असते. तो पत्रा बोथट पट्टीने थोडा-थोडा, सर्व बाजूंनी उचलावा. तबकडीवरचे आकडे छापील असतात, त्यांना थिनर लावला तर ते पुसले जातात. मऊ कोरडा ब्रश पुरेसा आहे. वाटी आणि चुंबक यांच्यामधील फटीत तेलाचा थेंबही जाता कामा नये. केबलला ग्रीस लावताना वरच्या टोकाचा वीतभर भाग कोरडा ठेवावा, कारण फिरणारी गुंडाळीची तार ग्रीसला हळूहळू वर, थेट मीटरमध्ये चढवते. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरसमोर बसण्याचा मोह होतोच, परंतु त्याच्या दमट वाऱ्यात हे काम करू नये. त्या ओलाव्याने पोलादी भाग गंजतात.

इंधनाचा आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा काटा मात्र अनेक गाड्यांत उष्णतेवरच चालतो. दोन धातूंच्या जोडपट्टीवर तापणारी तार गुंडाळलेली असते. प्रवाह वाढला की पट्टी वाकते आणि काटा सरकतो. तिला तापायला काही सेकंद लागतात, म्हणून टाकीत पेट्रोल हिंदकळले तरी काटा नाचत नाही. ब्रिटिश घडणीच्या बऱ्याच गाड्यांत अशा मीटरांना १० व्होल्टचा स्थिर दाब देणारी छोटी डबी असते. माझ्याकडच्या गाडीत दोन्ही काटे एकदमच वर चढू लागले, तेव्हा मी दोन्ही मीटर खोलून बसलो आणि दोन रविवार वाया घालवले. दोष त्या डबीच्या गंजलेल्या अर्थिंगमध्ये होता. दोन काटे एकाच वेळी, एकाच दिशेने चुकत असतील, तर दोष त्यांना जोडणाऱ्या भागात शोधावा.

एक इशारा गांभीर्याने घ्यावा. १९६० च्या आधीच्या, अंधारात चमकणाऱ्या काही तबकड्यांच्या रंगात रेडियम असते. रंगातील जस्ताचे संयुग थकल्यामुळे चमक गेलेली असते, पण रेडियम-२२६ चा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे असल्याने त्याचा किरणोत्सार तसाच टिकून असतो. असा रंग कधीही खरवडू नये. त्याची धूळ श्वासातून शरीरात जाणे हाच खरा धोका आहे. अशी तबकडी उघडूच नये.

मीटर जागेवर बसल्यावर त्याची परीक्षा वर्धा मार्गावर घेता येते. वाहन सोबतीच्या माणसाने चालवावे आणि आपण किलोमीटरचे दगड व घड्याळ पाहावे: ताशी ६० च्या वेगाला एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत ६० सेकंद लागतात, ताशी ५० ला ७२. त्याच वेळी अंतर मोजणाऱ्या आकड्यांकडेही लक्ष ठेवावे, कारण ते दात्यांनी फिरतात आणि चुंबकाशी त्यांचा संबंध नसतो. अंतर आणि वेग दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर टायरचा आकार किंवा केबलचा गिअर तपासावा. अंतर बरोबर असून काटा प्रत्येक वेगाला सारखाच मागे असेल, तर तो दांड्यावर चुकीच्या जागी बसला आहे. आणि वेगाबरोबर चूकही वाढत असेल, तर चुंबक क्षीण झाला आहे. ही फेरी एकदा पहाटे आणि एकदा भर दुपारी करावी, म्हणजे ती मळकट चकती आपले काम करते आहे की नाही हेही कळते.