पाटीवरचे कुलकर्णी किती?

इंदुरात जुने वाडे पाडून इमारती उठल्या, तशा दारांवरच्या पाट्याही बदलल्या. नाव आणि हुद्दा सांगणारी मराठी पाटी जाऊन इंग्रजीत “द कुलकर्णी'ज” आले. त्यातला तो वर टांगलेला स्वल्पविराम, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी, बहुतेक पाट्यांवर चुकीच्या जागी असतो.

मुळात हे चिन्ह षष्ठीचे नव्हेच. सोळाव्या शतकात ते फ्रेंचमधून इंग्रजीत आले, ते गाळलेल्या अक्षराची जागा दाखवायला. “सोऽहम्”मधला अवग्रह करतो तेच काम. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांना षष्ठीत “ई-एस” हा प्रत्यय लागे. त्यातला “ई” झिजला आणि त्या जागी चिन्ह बसले. मधल्या काळात काही पंडितांनी ते “हिज”चे लघुरूप ठरवले. मग राणीच्या महालात “हिज” कुठून शिरले, ते काही त्यांना सांगता येईना.

एकवचनात चिन्ह “एस”च्या आधी टाकायचा नियम सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागला. अनेकवचनात चिन्ह “एस”नंतर टाकायचे, हे त्याहून बरेच उशिरा ठरले. अठराव्या शतकात तर ऑपेरा, कॉमा अशा स्वरान्त परक्या शब्दांच्या नुसत्या अनेकवचनालाही ॲपॉस्ट्रॉफी चालत असे. राजवाड्याच्या बाजारात कुणी “साडी'ज” रंगवले म्हणून हसणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

आपला घोळ मात्र खास आपला आहे. “कुलकर्ण्यांचे घर” म्हटल्यावर कुलकर्णी एक की दहा, हे मराठीत कळत नाही. आदरार्थी बहुवचन दोन्ही सांभाळून घेते. शेजारचे हिंदीवाले “कुलकर्णी जी का मकान” म्हणतात, त्यांचेही “जी”वर भागते. इंग्रजी मात्र पाटी रंगवण्याआधी शिरगणती मागते. नुसते “कुलकर्णी'ज” असेल तर घर एकट्याचे. आधी “द” लावला की अख्खे कुटुंब आले, मग चिन्ह “एस”नंतर हवे. आणि “इथे कुलकर्णी मंडळी राहतात” एवढेच सांगायचे असेल, तर चिन्हच नको. आजोबांना मान द्यायच्या आपल्या सवयीने ही गणती आणखी बिघडते.

वचनाची खूण पुसण्याचा अनुभव आपल्यालाही आहे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी “घरें”वरचा न उच्चारला जाणारा अनुस्वार काढला. कुरकुर झाली, पण घरे जागच्या जागी राहिली.

इंग्लंडमध्ये हे इतके सहज झाले नाही. चिन्ह वाचवायला २००१मध्ये तिथे एक संस्था निघाली. २००९मध्ये बर्मिंगहॅमच्या पालिकेने रस्त्यांच्या पाट्यांवरून ते काढले. २०१९मध्ये अज्ञान आणि आळस जिंकले, असे म्हणत संस्थेच्या संस्थापकाने ती बंद केली. केंब्रिजमध्येही नव्या रस्त्यांच्या नावांतून चिन्ह वगळायचे ठरले होते. तिथे लोकांनी मार्कर घेऊन पाट्यांवर ते हाताने काढले, आणि २०१४मध्ये पालिकेला निर्णय मागे घ्यावा लागला.