सत्य गुन्ह्यांवर बेतलेली कथा

प्रत्यक्ष घडलेल्या, बहुधा उकल न झालेल्या गुन्ह्याच्या आधाराने रचलेली कथा, कादंबरी, नाटक किंवा मालिका. नावे व काळ बदलतात. मूळ प्रकरण जाणकाराला ओळखू यावे इतक्या खुणा मात्र मुद्दाम ठेवलेल्या असतात.

जुने उदाहरण अमेरिकी लेखक एडगर ॲलन पो याचे. १८४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेरी रॉजर्स या तरुणीचा मृतदेह हडसन नदीत सापडला. पोने १८४२ मध्ये ते प्रकरण पॅरिसला, सीन नदीकाठी नेले आणि कथेतल्या हेराकरवी उलगडा सुचवला. दरम्यान मूळ तपासात नवी माहिती पुढे आली आणि पुस्तकात घेताना त्याला मजकूर फिरवावा लागला. खरा गुन्हेगार कधीच सापडला नाही.

महाराष्ट्रात अशा अनुत्तरित प्रकरणाला कागदोपत्री ठरलेले रूप आहे. गुन्हा खरा, पण आरोपी निष्पन्न होत नाही, अशा वेळी पोलीस न्यायालयात ‘अ’ समरी, म्हणजे तपास थांबवण्याचा अहवाल, पाठवतात. फिर्याद खोटी ठरली तर ‘ब’, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आली असेल तर ‘क’. ‘अ’ समरी मंजूर झाल्यावरही पुरावा हाती आला तर तपास पुन्हा उघडता येतो, आणि कथाकाराला हीच फट सोयीची पडते. त्याला सर्वांत जास्त सामग्री देतो तो घटनास्थळाचा पंचनामा. दाराची कडी आतून होती की बाहेरून, चपला कुठे होत्या, उष्ट्या ताटात काय उरले होते, हे त्यात कोरड्या सरकारी मराठीत उतरलेले असते. तो कोरडेपणा टिकवणारे लेखक थोडे. बहुतेकांना तिथे पाऊस पाडण्याचा मोह होतो.

नाशिकची गोष्ट जरा वेगळी. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. इथे ‘कोणी मारले’ हा प्रश्नच नाही. संस्कृत जाणणारा, निरोपसमारंभाच्या दिवसांतला हा अधिकारी आणि कोर्टाच्या कागदात आरोपी पण शहराच्या लेखी हुतात्मा असलेला अठरा वर्षांचा मुलगा, या दोघांमध्ये कथा उभी राहते. तिला रहस्यकथेच्या साच्यात कोंबले की दोघेही पातळ होतात.

तेलगी प्रकरणाचा एक धागाही याच शहरातला. नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयातून मोडीत निघालेली छपाई यंत्रे मिळवून अब्दुल करीम तेलगीने बनावट मुद्रांकांचा धंदा वाढवला. २००७ मध्ये त्याला शिक्षा झाली, २०१७ मध्ये तो वारला. त्यावर वेबमालिकाही निघाली. त्यातही मुद्रांक कसे छापले गेले यापेक्षा कोणाकोणाच्या डोळ्यांआड छापले गेले, हाच भाग लेखकांना अधिक खुणावतो.

काल्पनिक रहस्यकथेलाही नाशिक सोयीचे आहे. रामकुंडावर अस्थिविसर्जनाला, सिंहस्थाला देशभरातून माणसे येतात, त्यामुळे गोदावरीत सापडलेला कथेतला बेवारस मृतदेह कुठल्याही गावचा असू शकतो. राज्याची पोलीस प्रबोधिनीही इथेच असल्याने कथेतल्या नवख्या फौजदारासाठी लांब जावे लागत नाही.

कायद्याची चौकट सैल नाही. ‘ऑटो शंकर’ या तमिळनाडूतील खुन्याच्या आत्मचरित्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितले की न्यायालयीन नोंदींसारख्या सार्वजनिक दस्तऐवजांवर आधारित लेखनाला संमती लागत नाही; त्यापलीकडचे खासगी आयुष्य मात्र संमतीविना छापता येत नाही. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेली मृताची बदनामीही कलम ३५६ मध्ये येते. नुसते नाव बदलून भागत नाही. पंचवटीतला वाडा, गल्ली आणि मागच्या दाराचा जिना तसाच ठेवला, तर कथेतला ‘खुनी’ कोणाचा काका हे शेजाऱ्यांना पहिल्याच प्रकरणात कळते, आणि त्या काकांवर प्रत्यक्षात कधी दोषारोपपत्रही दाखल झालेले नसते.